अजान नसलेला मिनार

हंगेरीची राजधानी बुडापेस्ट. तिथल्या प्राणिसंग्रहालयात १९१२ साली हत्तींसाठी एक नवी इमारत उभी राहिली. निळसर-हिरव्या फरशांनी मढवलेले घुमट, कमानी आणि बाजूला सुमारे ३० मीटर उंचीचा मिनार. दुरून पाहणाऱ्याला ती मशीदच वाटावी. आत मात्र हत्ती, गेंडे आणि पाणघोडे. हत्ती पूर्वेकडचा, तेव्हा त्याचे घरही पूर्वेकडच्या वळणाचे असावे, एवढा साधा त्यामागचा विचार. तीनच वर्षांनी, १९१५ मध्ये, हा मिनार उतरवण्यात आला. पहिले महायुद्ध चालू होते. तुर्कस्तान आणि ऑस्ट्रिया-हंगेरी एका बाजूने लढत होते आणि मशिदीसारख्या दिसणाऱ्या इमारतीत जनावरे ठेवल्याबद्दल तुर्कांनी नाराजी कळवली होती. दोस्ताचे मन राखणे भाग होते. पुढे कित्येक दशके ती इमारत मिनाराविनाच राहिली. १९९९ मध्ये तिचा जीर्णोद्धार पुरा झाला आणि मिनारही पूर्वीसारखा उभा केला गेला. आज तो तिथे आहे.

तुर्कांचे बरोबर होते की चूक? हा प्रश्न आपल्यापैकी कुणालाही विचारला तर उत्तर चटकन येईल. त्यांचे बरोबरच होते, मशिदीत हत्ती बांधतात काय? पण हे उत्तर जितके चटकन येते तितके ते तपासून घेतलेले नसते. नेमके काय खटकले? हत्ती खटकला, की मिनार खटकला, की दोघांना एकत्र पाहणारी नजर खटकली? या तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

हत्ती खटकण्याचे कारण आपल्याजवळ नाही. ज्या ग्रंथाला आपण मानतो त्यातल्या सूरहांची नावे पाहावीत. गाय, मधमाशी, मुंगी, कोळी. आणि हत्तीच्या नावाची तर एक स्वतंत्र सूरह आहे. सूरह अनआममध्ये जमिनीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या जिवांना माणसांसारख्याच 'उम्मती' म्हटले आहे. जो शब्द आपण स्वतःसाठी एवढ्या अभिमानाने वापरतो, तोच शब्द मुंग्यांना आणि पाखरांना लावलेला आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा जनावर जवळ आल्याने काही बाटते, ही समजूत आपली नव्हे. हत्तीच्या सोबतीने मिनाराची इज्जत जात नाही.

मग मिनार खटकला काय? तोही नव्हे. त्याच बुडापेस्टमध्ये डॅन्यूब नदीच्या पलीकडच्या काठावर, बुडाच्या टेकडीवर, गुलबाबा नावाच्या बेक्ताशी दरवेशाची कबर आहे. सोळाव्या शतकात बांधलेली. १५४१ ते १६८६ अशी सुमारे दीडशे वर्षे हे शहर उस्मानी अमलाखाली होते. म्हणजे या शहराला मुसलमान ठाऊक नव्हते असे नाही. तिथे नमाज झाली होती, माणसे जगली होती, मेली होती, पुरली गेली होती. गुलबाबाच्या कबरीवरचा घुमट कुणाला खटकत नाही, कारण त्याच्याखाली कुणीतरी आहे. प्राणिसंग्रहालयातल्या घुमटाखाली कुणी नव्हते. त्या मिनारावरून कधी अजान झाली नाही, होणारही नव्हती. तो मिनार नव्हता, मिनाराचे नेपथ्य होते.

खटकली पाहिजे ती ही गोष्ट. आणि ती केवळ आपल्याच बाबतीत घडली असे मानायचे कारण नाही.

युरोपातल्या त्या काळच्या प्राणिसंग्रहालयांची यादी काढली तर एक तऱ्हा दिसते. बेल्जियममधल्या अँटवर्पमध्ये १८५६ साली इजिप्तच्या प्राचीन मंदिराची नक्कल बांधली गेली. तीत हत्ती आणि जिराफ. जर्मनीतल्या कोलोनमध्ये १८६३ साली हत्तींसाठी मूरिश वळणाची, म्हणजे स्पेनच्या अरबी इमारतींची आठवण देणारी वास्तू झाली. बर्लिनमध्ये १८७० च्या दशकाच्या आरंभी हरणांना मिनारांची इमारत मिळाली आणि हत्तींना भारतीय देवळासारखी. त्याच बर्लिनमध्ये १९०१ साली शहामृग इजिप्तच्या मंदिरात गेले. मशीद, देऊळ, फराओंचे मंदिर. भेदभाव कुठेच नव्हता. ज्या ज्या मुलुखातून जनावर आले, त्या त्या मुलुखातल्या लोकांचे सगळ्यांत पवित्र बांधकाम त्या जनावराला मखर म्हणून दिले गेले.

याचा अर्थ काय होतो तो पाहू. सिंह आफ्रिकेचा, हत्ती हिंदुस्थानचा, उंट अरबस्तानचा. इथपर्यंत ही भूगोलाची माहिती आहे. पण त्या सिंहामागे झोपडी, हत्तीमागे देऊळ आणि उंटामागे मिनार उभा केला की माणसांची संस्कृती ही जनावराचा पत्ता होऊन बसते. डोंगर, नदी, गवत, तसेच देऊळ आणि मशीद. पाहणाऱ्याच्या मनात नकळत एक वाक्य तयार होते: ही जनावरे जिथे राहतात तिथे असली माणसेही राहतात. लक्षात घ्या, युरोपातल्या कोल्ह्यामागे कुणी चर्च बांधले नाही. अस्वलाच्या पिंजऱ्यावर गॉथिक शिखर चढवले तर प्रेक्षक हसले असते, रागावलेही असते. स्वतःच्या प्रार्थनास्थळाला इतिहास असतो, दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळाला फक्त हवामान असते, अशी ती विभागणी होती.

नेपथ्य उभे राहिले की पात्रे यायला वेळ लागत नाही. हांबुर्गचा प्राण्यांचा व्यापारी कार्ल हागेनबेक याने १८७० च्या दशकाच्या मध्यास उत्तर ध्रुवाकडच्या सामी लोकांना त्यांच्या रेनडिअरसह आणून त्यांचे प्रदर्शन मांडले. तंबू, घसरगाड्या, बायका, मुले, जनावरे, सगळे एकत्र. लोकांची झुंबड उडाली. मग सुदानकडचे न्यूबियन आले, सिंहली आले, काल्मिक आले. १८८० मध्ये कॅनडाच्या लाब्रादोर किनाऱ्यावरून आठ इनुइट माणसे आणली गेली. त्यांतल्या अब्राहम नावाच्या गृहस्थाला लिहिता-वाचता येत होते, तो व्हायोलिन वाजवत असे, मिशनऱ्यांच्या संगतीत वाढलेला श्रद्धाळू ख्रिस्ती होता. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात लोक 'रानटी माणूस' पाहायला येत आणि हा रानटी माणूस रोज रात्री डायरी लिहीत असे. या आठ जणांना देवीची लस टोचायची राहून गेली. जानेवारी १८८१ पर्यंत आठही जण देवीने मरण पावले. त्यांतल्या काहींचे सांगाडे पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात शंभर वर्षांहून अधिक काळ पडून राहिले. जिवंतपणी जनावरांशेजारी, मेल्यावर हाडांच्या कपाटात.

आणि १९०६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात काँगोतल्या ओटा बेंगा या तरुणाला माकडांच्या इमारतीत ओरांगउटानाबरोबर ठेवले गेले. बाहेर पाटी होती. तीवर त्याचे वय, उंची, वजन आणि कुठून आणला ते लिहिले होते. जनावराच्या पिंजऱ्यावर लिहितात तसेच. शहरातल्या काळ्या पाद्र्यांनी जोरदार विरोध केला. त्यांचे पुढारीपण करणारे जेम्स गॉर्डन यांचे म्हणणे साधे होते: आम्हालाही आत्मा आहे, हे मान्य करा. महिनाअखेरीला ओटा बेंगाची सुटका झाली, पण त्याला परत जाता आले नाही. १९१६ मध्ये त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. ते प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये, म्हणजे ११४ वर्षांनी, जाहीर माफी मागितली.

आता कुणी म्हणेल, ही जुनी पापे झाली. आजच्या माणसाला त्यांचा दोष का द्यावा? दोष देऊ नये, पण सवय मोडली की नाही ते पाहावे. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहराच्या प्राणिसंग्रहालयात जून २००५ मध्ये चार दिवसांचे 'आफ्रिकी खेडे' भरले. टोपल्या, दागिने, खाद्यपदार्थ, ढोल. आसपास जनावरांचे आवार. जर्मनीतल्या काळ्या नागरिकांनी आणि अनेक अभ्यासकांनी आक्षेप घेतला. संचालकांना त्याचे मनापासून आश्चर्य वाटले. आमचा हेतू तर लोकांना आफ्रिकेची गोडी लागावी असा आहे, असे त्यांचे म्हणणे. हाले शहरातल्या माक्स प्लांक संस्थेच्या मानववंश-अभ्यासकांनी या प्रकाराची पाहणी करून अहवाल लिहिला. हेतू चांगला असला तरी आफ्रिकी माणसाला निसर्गाचा आणि जनावरांचा भाग म्हणून पाहण्याची जुनी सवय अशा मांडणीतून पुन्हा पक्की होते, असा त्याचा आशय होता. मला हे म्हणणे पटते. शहरात सभागृहे होती, चौक होते, बाजार होते. आफ्रिकेची गोडी लावण्यासाठी झेब्य्राशेजारचीच जागा का सुचली, याचे उत्तर चांगल्या हेतूत मिळत नाही.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात डिस्नीच्या प्राणिउद्यानात १९९९ पासून वाघ एका काल्पनिक भारतीय राजवाड्याच्या पडझडीत फिरताना दिसतात. हे अवशेष नवे कोरे आहेत. मुद्दाम पाडून बांधलेले. राजे गेले, वाडा कोसळला, वाघ राहिला, अशी ती गोष्ट. पाहायला सुंदर आहे यात शंका नाही. पण त्या गोष्टीत वाड्याच्या बाहेरची माणसे कुठे गेली? ती तर अजून आहेत. रेशनच्या रांगेत उभी आहेत, बसने कामाला जात आहेत.

तरीही दुसऱ्या बाजूचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. माणूस वगळून जनावर दाखवणे हे तरी खरे कुठे आहे? वाघ हवेत राहत नाही. ज्या जंगलात तो राहतो तिथे माणसेही शतकानुशतके राहत आली. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबट्या आहे आणि त्याच परिसरात वाघोबाला पुजणारे वारली पाडेही आहेत. उत्तराखंडच्या शिवालिक टेकड्यांत म्हशी घेऊन फिरणारे वनगुज्जर मुसलमान आहेत. राजाजी राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हापासून त्यांना जंगलाबाहेर काढण्याचा झगडा चालू आहे. जंगल म्हणजे माणूस नसलेली जागा, अशी समजूत शहरात पसरली की त्याची किंमत कुणाला तरी घर सोडून द्यावी लागते. तेव्हा प्राणिसंग्रहालयाने माणसाचाही इतिहास सांगितला पाहिजे, ही मागणी न्याय्य आहे. अमेरिकेतल्या सिॲटल शहराच्या प्राणिसंग्रहालयाने २००७ मध्ये केनियातल्या मसाई लोकांना बोलावले, ते प्रेक्षकांशी सिंह, गुरे आणि आपले जगणे याबद्दल बोलत. त्यावरही टीका झाली. पण इथे निदान माणूस बोलत होता. नुसता दिसत नव्हता.

म्हणून एकत्र दाखवणे हाच गुन्हा, असे मी म्हणणार नाही. फरक कशाने पडतो ते पाहावे. मला तीन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. पहिली, तिथे तारीख आहे काय? 'हे लोक असे राहतात' असे लिहिले असेल तर ते जनावराचे वर्णन झाले. 'अमुक साली यांची जमीन गेली, अमुक साली यांनी अर्ज केला' असे लिहिले असेल तर तो माणसाचा इतिहास झाला. दुसरी, पाटी कुणी लिहिली? ज्यांच्याबद्दल ती आहे त्यांना ती खोडता येते काय? आणि तिसरी, संध्याकाळी दरवाजे बंद झाल्यावर तो माणूस कुठे जातो? आपल्या घरी, आपल्या इच्छेने जात असेल तर तो पाहुणा किंवा शिक्षक आहे. नसेल तर तो दुसरा कुणीतरी आहे. बुडापेस्टच्या मिनाराला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता आली नसती. योगायोग असा, की मिनार पाडल्यावर वर्षभरातच, १९१६ मध्ये, हंगेरीच्या संसदेने इस्लामला कायद्याने मान्यताप्राप्त धर्म ठरवले. त्यालाही युद्धातल्या दोस्तीचेच कारण होते. तरीही कागदावरचा तो कायदा ३० मीटरच्या मिनारापेक्षा मोठा, कारण त्यात माणूस हक्काने उभा होता.

मुंबईच्या आपल्या माणसाला यासाठी बुडापेस्टला जायची गरज नाही. भायखळ्याची राणीची बाग, आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, आपल्या मोहल्ल्यांना लागूनच आहे. ईदच्या दुसऱ्या दिवशी नवे कपडे घातलेली मुले तिथे किती असतात ते सांगायला नको. त्या बागेने हत्तीच्या दोन तऱ्हा पाहिल्या. एक जिवंत हत्तींची, ज्यांना पिढ्यान् पिढ्या मुलांनी पाहिले. दुसरी दगडी. घारापुरीच्या बेटावरचा हा प्रचंड दगडी हत्ती; त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत कोसळला आणि फुटला. तुकडे बागेत आले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. मागेच १८७२ साली खुले झालेले भाऊ दाजी लाड संग्रहालय. त्याच्या कपाटांत मुंबईतल्या निरनिराळ्या जमातींचे, त्यांच्या पगड्यांचे, त्यांच्या धंद्यांचे मातीचे छोटे पुतळे. म्हणजे एकाच आवारात पिंजऱ्यातली जनावरे, फुटून जोडलेला देवळाच्या बेटावरचा हत्ती आणि काचेतल्या जमाती. ज्या राज्यकर्त्यांनी जनावरांची वर्गवारी केली, त्यांनीच आमचीही केली. ते पुतळे सुबक आहेत, ज्यांनी घडवले त्यांचे हात गुणी होते. ते काढून टाकावेत असे मी म्हणत नाही. पण मुलाचे बोट धरून तिथे जाणाऱ्याने एवढे जरूर सांगावे, की या प्रत्येक पुतळ्याला नाव होते आणि ते कुणी लिहून ठेवले नाही.

इथपर्यंत वाचून वाचकाला बरे वाटले असेल. अन्याय करणारे कुणी दुसरे होते, आपण सोसणारे होतो. पण न्यायाचा विचार इथे थांबवला तर तो अर्धा राहील.

महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या सरकारी यादीत 'दरवेशी' ही नोंद आहे. तिच्यात वाघवाले-शाह हे मुसलमान आणि अस्वलवाले अशा शाखा आहेत. गावोगाव अस्वल घेऊन फिरणारा दरवेशी जुन्या पिढीला चांगला आठवत असेल. मुलांची भीती जावी म्हणून त्यांना अस्वलाच्या पाठीवर बसवत, त्याच्या केसाचा ताईत गळ्यात बांधत. उत्तरेत हेच काम करणारे कलंदर. शब्द पाहा: दरवेश आणि कलंदर. बुडाच्या टेकडीवर गुलबाबाची कबर ज्या शब्दाने पवित्र होते, त्याच शब्दाने आपण अस्वलवाल्याला ओळखतो. एकाला आपण अदबीने आठवतो. दुसऱ्याला शरीफ म्हणवणाऱ्यांनी कधी जवळ केले नाही. आपल्यासाठीही तो अस्वलाशेजारचा माणूस होता. त्याचे मूल कुठल्या शाळेत जाते, पावसाळ्यात तो कुठे राहतो, हे आपण विचारले नाही. जमुऱ्याचा खेळ झाला, चार आणे टाकले, संपले. आउग्सबुर्गच्या प्रेक्षकाने याहून वेगळे काय केले?

आणि अस्वलाचे काय? पिल्लू असताना आईला मारून आणलेले. नाकातून तापलेली सळई घालून दोर ओवलेला, दात पाडलेले. नाचत होते ते दोराच्या दुखण्याने. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे बंद व्हायला हवे होते. प्रत्यक्षात पुढे तीन-साडेतीन दशके गेली. आग्र्याजवळच्या केंद्रात शेकडो अस्वले आणली गेली, कलंदरांना दुसऱ्या धंद्यासाठी मदत मिळाली, आणि २००९ च्या अखेरीला देशातले शेवटचे नाचणारे अस्वल सोडवल्याचे जाहीर झाले. हे चांगलेच झाले. दरवेश्याच्या गरिबीने अस्वलाचे दुखणे कमी होत नाही आणि अस्वलाच्या दुखण्याने दरवेश्याची भूक खोटी ठरत नाही. दोन्ही एकाच वेळी मनात ठेवणे अवघड आहे. पण अवघड आहे म्हणून एकाला निवडून दुसऱ्याला विसरायचे, तर ज्यांच्यावर आपण टीका केली त्यांच्यात आणि आपल्यात फरक राहत नाही.

यावर आपल्याच परंपरेत हजार वर्षांपूर्वी विचार झालेला आहे. दहाव्या शतकात बसऱ्याच्या 'इख्वानुस्सफा' या विचारवंतांच्या मंडळाने आपल्या रिसाल्यांमध्ये एक मोठा खटला लिहिला. फिर्यादी जनावरे, आरोपी माणूस, न्यायाधीश जिनांचा बादशहा. माणूस आपल्या बुद्धीचा, रूपाचा, शहरांचा दाखला देतो आणि जनावरे एकेक दाखला खोडून काढतात. अखेर निवाडा माणसाच्या बाजूने लागतो, पण तो त्याच्या इमारतींच्या किंवा ताकदीच्या जोरावर नाही. मरणानंतरच्या जीवनाच्या आणि माणसांत होऊन गेलेल्या सत्पुरुषांच्या मुद्द्यावर लागतो. म्हणजे मोठेपण मिळाले ते हिशेब द्यावा लागणार या अटीवर. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मौलवी इकराम अली यांनी १८१० च्या सुमारास या खटल्याचे उर्दू भाषांतर केले. या देशात ते दोनशे वर्षांहून अधिक काळ वाचायला मिळते आहे.

त्या खटल्याचे वैशिष्ट्य असे, की तिथे जनावर कुणाचे नेपथ्य नाही आणि माणूस जनावराचे नेपथ्य नाही. दोघेही फिर्याद घेऊन, नावानिशी, समोरासमोर उभे आहेत. प्राणिसंग्रहालयाला एवढे साधत नसेल तर त्याने संस्कृतीची सजावट करू नये. साधी भिंत बांधावी, सावली द्यावी, पाणी द्यावे आणि हत्तीला हत्ती राहू द्यावे. साधायचे असेल तर एखाद्या दरवेश्याच्या मुलाला किंवा मुलीला त्या अस्वलाच्या आवाराबाहेरची पाटी लिहायला बोलवावे. तीत बापाच्या भुकेबद्दल काय लिहायचे आणि अस्वलाच्या नाकातल्या दोराबद्दल काय लिहायचे, ते त्यांनी ठरवावे. आपण ती पाटी उभे राहून वाचावी.